प्लेगांतून वांचलेले

भगूर हें दारणा नदीच्या कांठचें, देवळालीला लागून असलेलें नाशिक जिल्ह्यांतील एक लहान गांव. इ. स. १८९९ सालीं या गांवांत प्लेग शिरला, आणि त्यानें जीं घरें धरलीं त्यांत दामोदरपंत सावरकरांचें घर होतें. सप्टेंबरांत दामोदरपंत गेले. पाठोपाठ त्यांचे बंधु बापूकाकाही गेले. अकरा वर्षांचा धाकटा मुलगा नारायण यास रोगानें गांठलें. भावंडें भगूर सोडून नाशिकास आलीं, नारायणास प्लेगच्या इस्पितळांत ठेवावें लागलें, आणि तेथें त्याची शुश्रूषा करतां करतां वीस वर्षांचा थोरला भाऊ गणेश यासही तोच रोग झाला. पण नारायण वांचला आणि गणेशही वांचला. मधला भाऊ विनायक याच माणसांच्या सहवासांत होता. त्याला प्लेग शिवलाही नाहीं. नारायणराव पुढें दंतवैद्य झाले. गणेशपंत १९४५ पर्यंत जगले.

या घराचें नांव पुढें राजकारणाच्या इतिहासांत आलें म्हणून त्यांतील आजारपणाची हकीकत लिहिलेली राहिली. ज्यांची हकीकत कोणीं लिहून ठेविली नाहीं अशीं घरें नाशिक जिल्ह्यांत किती तरी असलीं पाहिजेत. दोघे गेले, दोघे आजारी पडून उठले, एकास कांहींच झालें नाहीं. हा हिशेब त्या काळीं घरोघर मांडला जात होता आणि कोणासही तो सुटत नव्हता. कोणी म्हणे आयुष्याची दोरी बळकट, कोणी म्हणे प्रकृतीच काटक, कोणी देवीचा कौल सांगे. डॉक्टरांपाशींही याहून फारसें निराळें उत्तर नव्हतें. गांठीच्या प्लेगावर उपचार न झाल्यास निम्मे किंवा त्याहून अधिक रोगी दगावतात, एवढें त्यांना दिसत होतें. पण उरलेले निम्मे कोणत्या बळावर उठून बसतात, हें सांगण्याचें साधन कोणाच्याही हातीं नव्हतें.

एका घरावरून सिद्धांत काढतां येत नाहीं, हें येथें आधींच म्हटलें पाहिजे. अंगांत किती जंतु शिरले, रोग्याचें वय काय, सेवा कशी झाली, यांवर पुष्कळ अवलंबून असतें. तथापि हें सारें जमेस धरूनही कांहीं शिल्लक उरतें, आणि त्या शिलकेचा शोध घेण्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. त्या शोधाची एक वाट मुंबईच्या परळ भागांतून जाते, आणि ती शेवटीं जेथें पोंचते तें ठिकाण प्लेगाचें नसून कर्करोगाचें आहे.

नाशिक भागांत हा रोग आला तो मुंबईकडून. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांतील रोग्यांची पाहणी करून डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं तो प्लेग असल्याचें सांगितलें. गोदी, धान्याच्या वखारी आणि दाट वस्तीच्या चाळी यांत सांथ भडकली. भेदरलेले लोक आगगाड्या भरभरून गांवीं पळाले, आणि घाट चढून रोगही त्यांच्याबरोबर देशावर आला. पुण्यास १८९७ सालीं घरतपासणीचा जो अतिरेक झाला व त्याचा शेवट रँडसाहेबाच्या वधांत कसा झाला, तें सर्वांस ठाऊक आहे. उंदीर आणि त्यांवरील पिसवा हें या रोगाचें वाहन होय, असें फ्रेंच डॉक्टर सिमों यांनीं १८९८ त प्रतिपादिलें. पण तें मान्य होण्यास आणखी कांहीं वर्षें जावीं लागलीं. घरांत उंदीर पडूं लागले कीं गांव सोडून माळावर झोपड्या घालाव्या, एवढें शहाणपण मात्र खेड्यापाड्यांतील माणसांना प्रयोगशाळेवांचूनही आलें होतें.

या सुमारास मुंबईंत वाल्डेमार हाफकिन हे प्लेगाची लस तयार करण्यांत गुंतले होते. हाफकिन मूळचे काळ्या समुद्रावरील ओडेसा बंदराचे. तेथील विश्वविद्यालयांत ते एली मेचनिकॉफ या प्राणिशास्त्रज्ञाचे विद्यार्थी होते. पुढें गुरूच्या मागोमाग ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत गेले आणि १८९३ त पटकीची लस घेऊन हिंदुस्थानांत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा जागेंत त्यांनीं प्लेगाचे जंतु वाढविले, ते उष्णतेनें मारले, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती लस प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला असतां तेथील कैद्यांपैकीं जे पुढें आले त्यांना लस दिली. ज्यांनीं घेतली त्यांच्यांत रोगही कमी झाला आणि मरणही. १८९९ त त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या सरकारी वाड्यांत हलली. आजची हाफकिन संस्था ती हीच. हें नांव तिला १९२५ त मिळालें. पंजाबांतील मुलकोवाल येथें १९०२ सालीं लस घेतलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं, त्याचा दोष हाफकिन यांच्या माथीं मारला गेला, आणि तो खोटा ठरून त्यांची मुक्तता होण्यास १९०७ साल उजाडावें लागलें. तो इतिहास दुःखद आहे, परंतु येथें त्याचा विस्तार करण्याचें कारण नाहीं.

येथें महत्त्वाचा आहे तो हाफकिन यांचा गुरु. मेचनिकॉफ १८८२ सालीं सिसिलींतील मेसिना येथें समुद्रकांठीं राहत असतां त्यांनीं तारामाशाच्या कांचेसारख्या पारदर्शक पिल्लाच्या अंगांत गुलाबाचा बारीक कांटा खुपसला आणि रात्रभर वाट पाहिली. सकाळीं सूक्ष्मदर्शकाखालीं दिसलें तें असें, कीं पिल्लाच्या अंगांतील भटक्या पेशी चहूंकडून येऊन त्या कांट्याभोंवतीं गोळा झाल्या आहेत. आपल्या रक्तांतील पांढऱ्या पेशी याच जातीच्या. रोगजंतु अंगांत शिरला कीं त्या त्याच्याकडे धांव घेतात, त्याला गिळतात आणि पचवितात. प्रतिकारशक्तीच्या शास्त्राचा एक पाया या कांट्यानें घातला, आणि त्याबद्दल मेचनिकॉफ यांना १९०८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु त्या पेशींना बोलाविलें कोणीं? त्यांना ना डोळे ना कान. मग कांटा कोठें रुतला आहे हें त्यांना कळलें कसें? हा प्रश्न तसाच राहिला.

१९०८ चें तें पारितोषिक विभागून दिलें होतें. दुसरे मानकरी जर्मनीचे पॉल एर्लिख. हाफकिन भायखळ्यास लस टोंचीत होते त्याच १८९७ सालीं एर्लिख यांनीं असा तर्क मांडला कीं, पेशीच्या अंगावर विशिष्ट घडणीच्या शाखा असतात, आणि बाहेरचें द्रव्य त्या शाखेशीं नेमकें जुळलें तरच पेशीवर त्याचा परिणाम होतो. पुढें त्यांनीं अशा शाखेला जें नांव दिलें त्याचा मराठी अर्थ ‘ग्राही’ असा करतां येईल. गुरूनें पाहिलेली धांव आणि एर्लिख यांनीं कल्पिलेला ग्राही या दोन गोष्टी एकमेकींना भेटण्यास नव्वद वर्षें लागलीं. शास्त्राच्या इतिहासांत असें वारंवार होतें. उत्तराचे दोन तुकडे एकाच व्यासपीठावर शेजारीं बसलेले असतात आणि कोणास त्याचा पत्ता नसतो.

दरम्यान, कोण वांचतो या प्रश्नाचें एक उत्तर मुंबईच्या उंदरांनीं दिलें. १९०५ पासून प्लेगाची जी शास्त्रीय चौकशी चालली तींत मुंबईच्या उंदरांची मद्रासच्या उंदरांशीं तुलना करण्यांत आली. मद्रास शहराला प्लेगाची झळ अगदीं थोडी लागली होती. तेथील उंदरांना प्लेगाचे जंतु टोंचले कीं ते पटापट मरत. मुंबईच्या उंदरांपैकीं पुष्कळ तग धरीत. पुढें हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखी आणि त्यांचे सहकारी जी. डी. चित्रे यांनीं निरनिराळ्या ठिकाणचे उंदीर तपासून १९३७ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथेंही तेंच दिसलें: जेथें प्लेगानें पूर्वीं थैमान घातलें होतें तेथील उंदीर दणकट, जेथें तो पोंचला नव्हता तेथील नाजूक. याचा सरळ अर्थ असा कीं, सांथीनें दुर्बळ घराण्यांचे उंदीर निवडून मारले आणि ज्यांच्या पिढीजात ठेवणींत कांहीं निराळें होतें त्यांची प्रजा मागें राहिली. उंदराच्या पिढ्या झटपट उलटतात. वीस-पंचवीस वर्षांत जें त्यांच्यांत घडलें तें माणसांत घडावयास कित्येक शतकें लागावीं. पण वांचण्याचें बळ कांहीं अंशीं रक्ताबरोबर वारशानें येतें, एवढें परळच्या पिंजऱ्यांतून स्पष्ट झालें. उंदराच्या अंगांतील कोणत्या अणूंत तें बळ होतें, हें सांगण्याची मात्र त्या काळच्या विद्येची पोंच नव्हती.

आणि याच परळांत, हाफकिन संस्थेच्या शेजारीं, १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखालीं पुण्याच्या कमल समर्थ, म्हणजेच लग्नानंतरच्या कमल रणदिवे, काम करूं लागल्या. त्यांच्यापुढेंही उंदीरच होते. मात्र हे लहान जातीचे, घराणें राखून वाढविलेले. अशा चार घराण्यांतील माद्यांच्या स्तनग्रंथींची त्यांनीं तुलना केली. एका घराण्याला स्तनाचा कर्करोग सहज होतो, दुसऱ्याला क्वचित्. तर निरोगी असतांनाच त्यांच्या ग्रंथींच्या ठेवणींत कांहीं फरक दिसतो काय, हा त्यांचा प्रश्न. एका भिंतीच्या अलीकडे प्लेग आणि पलीकडे कर्करोग. पण विचारणें एकच, कीं यालाच कां आणि त्याला कां नाहीं. रणदिवे यांना १९४९ त डॉक्टरेट मिळाली. अमेरिकेंत पेशी कांचपात्रांत वाढविण्याचें तंत्र शिकून येऊन त्यांनीं तें मुंबईंत रुजविलें. ही दोन्ही कामें एका सूत्रांत येतील असें त्या वेळीं कोणास वाटलें असण्याचा संभव कमी.

तें सूत्र हातीं लागलें तें मेचनिकॉफ यांचा जुना प्रश्न सुटल्यावर. १९८७ च्या सुमारास असें एक द्रव्य शुद्ध स्वरूपांत मिळालें, कीं तें जेथें असेल तिकडे पांढऱ्या पेशी ओढल्या जातात. मग तशींच दुसरीं द्रव्यें सांपडत गेलीं. आज माणसाच्या शरीरांत अशीं चाळीस-पन्नास द्रव्यें मोजलीं आहेत. त्यांना केमोकाइन हें नांव पडलें. केमोकाइन म्हणजे जखमी किंवा त्रस्त भागानें मारलेली हांक होय. जवळ गेलें कीं ती मोठी, लांब असतां बारीक; पांढरी पेशी तिच्या चढत्या पट्टीचा माग काढीत येते. ती हांक ऐकण्यासाठीं पेशीच्या पापुद्र्यांतून सात वेळां आंतबाहेर ओंवलेला एक प्रथिनाचा धागा असतो. हाच एर्लिख यांचा ग्राही, आणि त्याला पेशीचा कान म्हणण्यास हरकत नाहीं. असे कान वीस-एक प्रकारचे आहेत. प्रत्येक प्रकार घडविण्याचा आराखडा एकेका जनुकांत लिहिलेला असतो, आणि जनुक आईबापांकडून येतें. कोणत्या पेशीच्या अंगावर कोणते कान आहेत यावरून ती कोठें जाईल तें ठरतें: कोणी फुफ्फुसांत, कोणी आंतड्यांत, कोणी मज्जेंत ठाण मांडून बसेल.

या कानांपैकीं एक १९९६ सालीं एकदम प्रसिद्धीस आला. त्याचें नांव सीसीआर-५. एड्सचा विषाणु पांढऱ्या पेशींत शिरतो तो बहुधा याच कानाला धरून, असें दिसून आलें. आणि त्याच वर्षीं असेंही आढळलें कीं युरोपांतील कांहीं लोकांत या जनुकांतील सलग ३२ अक्षरें गळालेलीं असतात. ज्याला आई आणि बाप दोघांकडूनही असें त्रुटित जनुक आलें, त्याच्या पेशींवर हा कानच उगवत नाहीं, आणि एड्सच्या विषाणूला बहुतेक वेळां दारांतूनच परत जावें लागतें. उत्तर युरोपांत शेंकडा एक मनुष्य असा निघतो.

मग साहजिक प्रश्न आला: एड्स हा तर कालचा रोग, मग हें व्यंग युरोपांत इतकें पसरलें कसें? १९९८ सालीं कांहीं शास्त्रज्ञांनीं गणित करून सांगितलें कीं ही गळती सुमारें सातशें वर्षांपूर्वींची असावी, आणि तो काळ युरोपांतील काळ्या मृत्यूचा, म्हणजे प्लेगाचा. ज्यांना हा कान नव्हता ते प्लेगांतून वांचले, त्यांचे वंशज आज एड्सपासून वांचत आहेत! कथा इतकी सुबक होती कीं वर्तमानपत्रांनीं ती उचलून धरली, आणि अजूनही ती अधूनमधून सत्य म्हणून सांगितली जाते. परळच्या उंदरांचा दाखला तिच्या बाजूला होताच.

पण ती टिकली नाहीं. २००३ त दुसऱ्या अभ्यासकांनीं प्लेगाऐवजीं देवीच्या रोगाकडे बोट दाखविलें. २००४ त हा कान नसलेल्या उंदरांना प्लेगाचे जंतु टोंचून पाहिले. ते इतरांसारखेच मेले. पुढें जर्मनींतील सुमारें २,९०० वर्षांपूर्वींच्या हाडांतही हीच गळती सांपडली, आणि २०२५ सालीं कोपनहेगनच्या संशोधकांनीं प्राचीन सांगाड्यांवरून तिचा उगम काळ्या समुद्राच्या आसपास निदान ६,७०० वर्षें मागें नेला. काळा मृत्यु येण्यापूर्वीं हजारों वर्षें ती युरोपांत रुळलेली होती. हिंदुस्थानाकडे पाहिलें असतें तर थोडा संशय आधींच यावयास हवा होता असें कोणी म्हणेल: १८९६ नंतर या देशांत प्लेगानें एक कोटीहून अधिक माणसें मारलीं, आणि हें त्रुटित जनुक येथें जवळजवळ आढळत नाहीं. परंतु हा युक्तिवाद पुरेसा नाहीं. निवड होते ती असलेल्या वस्तूंतून. जें बी पेटींतच नाहीं तें शेतांत कोठून उगवणार?

येथवरच्या इतिहासावरून केमोकाइनच्या कानांचा आणि प्लेगाचा कांहीं संबंध नाहीं असें वाटेल. तोंच २०१९ सालीं शिकागो येथील प्रयोगशाळेंतून निराळी बातमी आली. प्लेगाचा जंतु पांढऱ्या पेशीला मारतो तो एका सूक्ष्म सुईनें. ती सुई पेशींत खुपसून तो आपलें विष आंत सोडतो. सुईच्या टोंकावरील प्रथिन प्रथम पेशीच्या कोणत्या भागाला चिकटतें, हा शोध चालला होता. तो भाग निघाला एफपीआर-१ नांवाचा ग्राही. हा सीसीआर-५ चा दूरचा भाऊबंद. घडण तीच, सात वेढ्यांची, आणि कामही पेशीला वाट दाखविण्याचेंच. फरक एवढा कीं सीसीआर-५ शरीराचीच हांक ऐकतो, तर एफपीआर-१ जंतूंच्या अंगचे विशिष्ट तुकडे हुंगून त्यांच्या दिशेनें पेशीला नेतो. म्हणजे ज्या पहारेकऱ्याच्या भरवशावर मेचनिकॉफ यांच्या पेशी शत्रूवर चालून जातात, त्याचाच कान प्लेगाच्या जंतूनें पकडून ठेविला! ज्या उंदरांत हा ग्राही नव्हता त्यांच्यावर जंतूचा मारा कमी पडला. आणि मनुष्याच्या एफपीआर-१ जनुकाचा असा एक भेद आढळला, कीं ज्यांत एकच घटक बदललेला आहे आणि तेवढ्यानें पेशी सुईच्या माऱ्याला अधिक दाद देत नाहींत.

नाशिकच्या इस्पितळांतून १८९९ सालीं जे उठून घरीं गेले त्यांच्यांत हा भेद होता काय? त्यांचें रक्त कोणीं राखून ठेविलें नाहीं, आणि एकट्या एका जनुकावर जगणें-मरणें ठरत असेल असेंही नाहीं. त्यांच्या वांचण्याचें कारण जेथें शोधावें ती जागा आतां थोडी आंखली गेली आहे, इतकेंच.

परळच्या त्या भिंतीच्या पलीकडे आतां वळलें पाहिजे. स्तनाचा कर्करोग पसरतो तेव्हां तो वाटेल तेथें पसरत नाहीं. हाडें, यकृत, फुफ्फुसें, काखेंतील गांठी यांत तो ठाण देतो. इतर कित्येक अवयवांना रक्त भरपूर मिळत असूनही ते बहुधा सुटतात. लंडनचे शल्यवैद्य स्टीफन पॅजेट यांनीं १८८९ सालींच हें टिपून बी आणि जमीन यांची उपमा दिली होती. नाशिक जिल्ह्यांतील शेतकऱ्याला ती समजावून सांगावयास नको. निफाडच्या काळ्या जमिनींत जो गहूं तरारून येतो तो इगतपुरीच्या मुरमाड उतारावर येत नाहीं. तेथें भात आणि नागलीच पिकावयाची. पण शरीरांतील ‘जमीन’ कशानें बनते, तें पॅजेट यांना सांगतां आलें नाहीं.

२००१ सालीं त्याचा उलगडा पुष्कळसा झाला. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर सीएक्ससीआर-४ आणि सीसीआर-७ हे दोन कान मोठ्या संख्येनें उगवलेले दिसले, आणि त्या कानांना ऐकूं येणारीं केमोकाइनें नेमकीं त्याच अवयवांतून पाझरतात कीं जेथें हा रोग पसरतो. हे दोन्ही कान पांढऱ्या पेशींचे. रोगपेशीनें ते जणूं चोरून लावले आणि संरक्षणासाठीं असलेल्या हांकेच्या मागानें ती अवयवांत जाऊन पोंचली. कर्करोगाच्या पेशी आपल्याच घरच्या असल्यानें त्यांना घरांतील सर्व खुणा ठाऊक असतात. या रोगाची खरी भयंकरता येथें आहे. स्तनाच्या कर्करोगावर आयुष्य वेंचलेल्या कमल रणदिवे याच २००१ सालीं वारल्या.

यावरून असें वाटण्याचा संभव आहे कीं हे कान बंद करून टाकावे म्हणजे झालें. गोष्ट इतकी सोपी नाहीं, आणि या बाबतींत एफपीआर-१ चा दाखला बोलका आहे. कर्करोगावर कांहीं औषधें दिलीं असतां ज्या रोगपेशी मरतात त्यांतून एक द्रव्य बाहेर पडतें. एफपीआर-१ असलेल्या पांढऱ्या पेशी त्या खुणेनें मरत्या रोगपेशींपाशीं पोंचतात, त्यांची ओळख पटवून घेतात, आणि मग शरीर स्वतःच उरलेल्या रोगाशीं लढूं लागतें. २०१५ सालीं फ्रान्समधील संशोधकांनीं दाखविलें कीं ज्या स्त्रियांत हें जनुक जन्मतः दुबळें आहे त्यांच्या स्तनाच्या कर्करोगावर अशा औषधांचा गुण कमी येतो. म्हणजे जो कान मंद असणें प्लेगांत कदाचित् तारक, तोच मंद असणें कर्करोगांत मारक. सीसीआर-५ चेंही तसेंच: तो नसला तर एड्सपासून बचाव, पण वेस्ट नाइल नांवाचा मेंदूचा ज्वर अशा माणसांना अधिक जड जातो. चांगलें जनुक आणि वाईट जनुक अशी वांटणी जे करूं पाहतात त्यांनीं हीं उदाहरणें ध्यानांत ठेवावीं. २०१८ त एका चिनी शास्त्रज्ञानें दोन जुळ्या मुलींच्या गर्भावस्थेंतच सीसीआर-५ जनुकांत कात्री चालविली व त्याबद्दल तुरुंगवास भोगला; तें कृत्य निंद्य ठरलें त्याच्या अनेक कारणांत हेंही एक होतें.

तरीही वैद्यांनीं या कानांचा उपयोग करून घेतला आहे. बर्लिनमध्यें टिमथी ब्राउन या अमेरिकन गृहस्थांना एड्सच्या विषाणूची बाधा आणि रक्ताचा कर्करोग अशीं दोन्ही संकटें होतीं. डॉ. गेरो ह्युटर यांनीं २००७ सालीं त्यांना दुसऱ्याच्या मज्जापेशी देतांना असा दाता निवडला कीं ज्याच्या अंगीं सीसीआर-५ चा कानच नव्हता. दुसऱ्या वर्षीं कर्करोग उलटल्यानें पुन्हां तेंच करावें लागलें. विषाणु त्यांच्या रक्तांतून नाहींसा झाला तो पुन्हां आला नाहीं; २०२० सालीं ते वारले ते कर्करोग परत आल्यामुळें. असा दाता हिंदुस्थानांतील लोकांत मिळणें जवळजवळ अशक्य, म्हणून येथें हा मार्ग वाटतो तितका मोकळा नाहीं. सीसीआर-५ चा कान झांकणारें औषध मात्र २००७ पासून आहे. दुसरें एक औषध, प्लेरिक्साफॉर, मूळ एड्ससाठीं शोधलें जात होतें. तें देतांच मज्जेंत सीएक्ससीआर-४ च्या बळावर ठाण मांडलेल्या मूळपेशी सुटून रक्तांत येऊं लागल्या. एड्सवर तें चाललें नाहीं, पण २००८ पासून रक्ताच्या कर्करोगाच्या रोग्यांकडून त्यांच्याच मूळपेशी गोळा करण्यासाठीं तें वापरतात. जपानांत एका जातीच्या रक्तकर्करोगावर, ज्याच्या पेशी सीसीआर-४ हा कान मिरवितात, त्या कानालाच धरून पेशी नष्ट करणारें औषध २०१२ त मान्य झालें.

आणि परळचें काय? रोग्याच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी बाहेर काढून, त्यांना कर्करोग ओळखण्याची नवी खूण जोडून, पुन्हां अंगांत सोडण्याचा जो उपचार पवईच्या तंत्रविद्यालयानें आणि टाटा स्मारकानें मिळून सिद्ध केला, त्याला २०२३ सालीं भारतांत मान्यता मिळाली. रक्ताच्या कांहीं कर्करोगांवर तो चालतो, कारण तेथें शत्रु आणि सैनिक एकाच प्रवाहांत असतात. स्तन, आंतडें किंवा स्वादुपिंड यांतील घट्ट गांठींवर मात्र तो फारसा चालत नाहीं; पेशी शस्त्र घेऊन निघतात खऱ्या, पण गांठीपर्यंत त्या पोंचतच नाहींत. म्हणून आतां ठिकठिकाणीं अशा पेशींना शस्त्राबरोबर एक जादा कान बसवून पाहिला जात आहे: त्या गांठींतून जें केमोकाइन पाझरतें, नेमकें तेंच ऐकणारा. कोणत्या गांठीला कोणता कान, याचे प्रयोग अजून चालू आहेत.